सबवूफरची घूं जात नाही? अर्थची पिन कापण्याआधी हे तपासा

सिनेमा थांबवलेला, व्हॉल्यूम शून्यावर, आणि कोपऱ्यातला सबवूफर मात्र घूंऽऽ करत बसलेला. साध्या टू-पॉइंट-वन संचापासून लाखांच्या अ‍ॅटमॉस (म्हणजे छताकडूनही आवाज देणाऱ्या) खोलीपर्यंत तक्रार हीच. सल्लेही ठरलेले: जाड केबल घ्या, पॉवर कंडिशनर लावा, आणि नाहीच जमलं तर प्लगची मोठी पिन काढून टाका. पहिल्या दोन सल्ल्यांनी बहुतेक वेळा फक्त पैसे जातात. तिसरा बऱ्याचदा लागू पडतो, आणि धोका तिथेच आहे. घूं थांबते, माणूस खूश होतो. पुढे कधी आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं की सबच्या मागच्या धातूच्या पट्टीवर २३० व्होल्ट येतात, आणि त्या करंटला जायला वाट उरते ती आरसीए केबलच्या (सबला सिग्नल नेणाऱ्या तारेच्या) बाहेरच्या जाळीची, नाहीतर हात लावणाऱ्याची. अर्थची पिन काढायची नाही, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळायची नाही, थ्री-पिनला टू-पिन करणारा अडॅप्टरही लावायचा नाही. या लेखातला कुठलाच उपाय त्या वाटेने जात नाही.

आधी आवाज ओळखा

घूं वेगळी आणि घर्र वेगळी. पोटात जाणवणारा, गोल, एकसुरी आवाज असेल तर तो ५० हर्ट्झ, म्हणजे सरळ मेन्सचा (भिंतीतल्या विजेचा). कडा असलेला, माशी अडकल्यासारखा आवाज असेल तर १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पट्ट्या. तो एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरकडून येतो, नाहीतर पंख्याच्या रेग्युलेटरकडून. कानाची फसगत होत असेल तर मोबाइलवरच्या टोन जनरेटरने ५० हर्ट्झचा सूर एव्हीआरमार्फत (एव्हीआर म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारी मुख्य पेटी) सबवर अगदी हळू वाजवा. (मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरला ५० हर्ट्झ झेपत नाहीत, त्यावर काही ऐकू येणार नाही.) दोन्ही आवाज एकाच पट्टीतले असतील तर ते एकमेकांत मिसळून संथ लाटेसारखे वर-खाली होतात. ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेमकी ५० वर कधीच उभी नसते, ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवलेली असते. म्हणून एकेक लाट दहा-वीस सेकंदांची किंवा त्याहून लांब. लाट जाणवली नाही तर १०० वर करून बघा.

मग आवाज नेमका कुठून येतो ते पाहा. सबच्या कोनमधून (थरथरणाऱ्या पडद्यातून) येतोय, की एव्हीआरच्या पेटीतूनच? पेटीच्या झाकणावर हात ठेवल्यावर थरथर जाणवत असेल आणि स्पीकर शांत असतील, तर तो ट्रान्सफॉर्मरचा यांत्रिक गुणगुणाट आहे. मेन्समध्ये थोडासा डीसी मिसळला की मोठे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असे गुणगुणतात. घरातला हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर चालू असेल तर हमखास, कारण त्यातले बरेचसे अर्ध्या वेगासाठी एक डायोड लावून मेन्सची अर्धीच लाट घेतात. यावर इलाज डीसी ब्लॉकर. पुढचं सगळं या त्रासाला लागू नाही.

तिसरा प्रश्न व्हॉल्यूमचा. एव्हीआरचा व्हॉल्यूम वाढवल्यावर घूं वाढते का? वाढत असेल तर ती सोर्सच्या बाजूने येते आहे. तितकीच राहत असेल तर व्हॉल्यूमच्या पुढच्या टप्प्यात शिरते आहे, म्हणजे सबची केबल, वेगळा पॉवर अ‍ॅम्प असेल तर तो, किंवा सब स्वतः. घरगुती संचांत बहुतेक वेळा हा दुसरा प्रकारच निघतो.

एकेक तार सोडवत जाणे

सुरुवात अर्ध्या मिनिटाच्या चाचणीने करा. सेटटॉप बॉक्सच्या मागची स्क्रूची काळी वायर, म्हणजे डिशची किंवा केबलवाल्याची कोअ‍ॅक्स, बॉक्स बंद करून सोडवा. घूं गायब? मग निम्मं काम झालं, खालचा कोअ‍ॅक्सचा भाग वाचा. फक्त एक खबरदारी. वायरचं मोकळं टोक एका हातात आणि दुसरा हात एव्हीआरच्या पेटीवर, असं उभं राहू नका. गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीतून आलेल्या जाळीवर कधी कधी चांगला झटका बसेल इतका व्होल्टेज असतो.

घूं गेली नाही तर क्रमाने चला. प्रत्येक वेळी जोडणी करण्याआधी उपकरण बंद करायचं. चालू अवस्थेत आरसीए लावला तर मधली पिन आधी लागते आणि कोन धाडकन बाहेर येतो.

सबच्या मागून आरसीए काढा आणि तिथे शॉर्टिंग प्लग लावा. एक साधा आरसीए प्लग घेऊन त्याची मधली पिन आणि बाहेरची कडा आतून डाखून टाकली की झाला शॉर्टिंग प्लग. इनपुट नुसतं उघडं ठेवून चाचणी करू नका, उघडं इनपुट हवेतूनही गुणगुणाट पकडतं. शॉर्टिंग प्लग लावूनही सब घुमत असेल तर दोष सबच्या पोटात आहे. पाच-सात वर्षं बंद कपाटात तापलेल्या संचात हे नेहमीचंच: पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेले, डोक्यावर फुगलेले, आणि आवाज १०० हर्ट्झचा. ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट असा जुना असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, २५ किंवा ३५ व्होल्टचा, १०५ अंशांचा घालायला सांगा. ८५ अंशांचा स्वस्त पडतो आणि लवकर पुन्हा सुकतो.

सब शांत असेल तर केबल परत लावा, पण दुसरं टोक एव्हीआरपासून सुटं ठेवून त्याच्या पिनवर आणि कडेवर मिळून स्वयंपाकघरातली फॉइल घट्ट गुंडाळा. आता घूं आली तर केबलच दोषी. जाळी प्लगच्या आत तुटलेली असते, तार वाकवली की आवाज बदलतो. किंवा केबल भिंतीच्या कडेने एसीच्या वायरला बिलगून दहा मीटर गेलेली असते. पॉवरच्या वायरपासून वीतभर लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

इथवर शांतता असेल तर केबल एव्हीआरला जोडा. एव्हीआरला स्पीकरच्या तारांखेरीज काहीही नको: टीव्ही नाही, बॉक्स नाही, लॅनही नाही. मग एकेक जोडत जा, दर वेळी दहा सेकंद ऐका. ज्या तारेनंतर घूं सुरू होते ती लूप, म्हणजे अर्थचं बंद वर्तुळ, पूर्ण करणारी तार. लॅनवर संशय क्वचितच खरा ठरतो, कारण लॅनच्या पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतातच. मात्र कोणी हौसेने जाळीवाली एसटीपी केबल ओढली असेल तर ती धातूचे प्लग धरून अर्थ इकडून तिकडे नेते. साधी, बिनजाळीची यूटीपी लावा.

हे होतं तरी का

‘अर्थिंग खराब आहे’ हे वायरमनचं ठरलेलं उत्तर, आणि ते अर्धंच खरं. घरचं अर्थिंग उत्तम असूनही घूं येते, कारण दुखणं एका अर्थचं नसतं. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये जो फरक असतो, त्याचं असतं. सबचा प्लग थ्री-पिन, तो घराच्या अर्थला जोडलेला. एव्हीआर बहुधा टू-पिनचा, त्यावर चौकोनात चौकोन अशी डबल इन्सुलेशनची खूण; त्याला स्वतःचा अर्थ नाही. पण एव्हीआरला टीव्ही, टीव्हीला सेटटॉप बॉक्स, बॉक्सला कोअ‍ॅक्स, आणि कोअ‍ॅक्सची जाळी गच्चीवरच्या लोखंडी कठड्याला किंवा केबलवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला टेकलेली. झालं वर्तुळ पूर्ण. दोन्ही टोकांत थोडा जरी फरक असला तरी करंट फिरतो आणि तो तुमच्या आरसीएच्या जाळीतून जातो.

समजा जाळीचा रोध ०.०५ ओहम आहे आणि तिच्यातून २० मिलिअँपिअर वाहतायत. जाळीच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्ट पडला. सबला हा मिलिव्होल्ट आणि सिनेमातला स्फोट यांत फरक कळत नाही, दोन्ही त्याच्या लेखी सिग्नलच. पूर्ण आवाजाला १०० मिलिव्होल्ट लागणारा सब असेल तर ही घूं पूर्ण आवाजाच्या फक्त ४० डेसिबल खाली, म्हणजे रात्रीच्या शांत खोलीत स्पष्ट ऐकू येणारी. फ्रंट स्पीकरला तसाच त्रास झाला तरी तो ५० हर्ट्झ धड वाजवूच शकत नाही. म्हणून आळ नेहमी सबवर.

सगळी उपकरणं टू-पिन असूनही घूं येते ती कशी? प्रत्येक एसएमपीएसमध्ये (उपकरणाच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये) मेन्सपासून पेटीकडे जाणारा छोटा वाय कपॅसिटर असतो. २.२ नॅनोफॅरडचा एक, २३० व्होल्टवर साधारण ०.१६ मिलिअँपिअर सोडतो. टीव्हीच्या धातूच्या कडेला ओलसर बोट लावल्यावर जी मुंगी येते ती हीच. जाळी धडधाकट असेल तर एवढ्याने काही होत नाही. पण आरसीएचा प्लग सैल होऊन तिथे दोन-तीन ओहमचा रोध तयार झाला, आणि तीन उपकरणांची गळती मिळून अर्धा मिलिअँपिअर त्यातून गेला, की पुन्हा १ मिलिव्होल्ट. अशा वेळी प्लगची बाहेरची पाकळी पक्कडीने हलकी दाबून घट्ट केली तरी काम होतं. टू-पिन प्लग उलटा करून लावून बघणंही सुरक्षित आहे. फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली की काही उपकरणांची गळती कमी होते.

अर्थ खरा आहे की नाही

तरीही अर्थिंग तपासाच. घुमण्यासाठी नाही, जिवासाठी. जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोकं असतात आणि वरच्या भोकामागे वायरच नसते. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ९०, १२० असं काहीतरी दाखवून आकडा तरंगत असेल तर अर्थ तुटलेला आहे. डिजिटल मीटर हवेतलाच व्होल्टेज दाखवतोय.

उलट न्यूट्रल-अर्थ चक्क ०.० दिसलं तर खूश होऊ नका. काही जण अर्थची वायर नसली की सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांत एक तुकडा टाकून देतात. मीटर समाधानी, घर धोक्यात: वर न्यूट्रल तुटला की उपकरणाची पेटी थेट फेजवर. पकडायची रीत सोपी. त्याच बोर्डच्या दुसऱ्या सॉकेटवर १००० वॅटची इस्त्री लावा. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरपासून वीस मीटर आली असेल तर न्यूट्रलवर साधारण १ व्होल्ट पडतो, म्हणजे न्यूट्रल-अर्थचा आकडा तेवढा वर जायला हवा. इस्त्री तापतेय आणि आकडा शून्यावरच चिकटलेला असेल तर आत तुकडा आहे. परवाना असलेल्या वायरमनला बोलवा आणि वायर मेन बोर्डपर्यंत ओढून घ्या.

बंगल्याचा स्वतःचा अर्थचा खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत राहा. कातळावरच्या घरांत तर खड्डा पार कोरडा पडतो.

आणखी एक फसवी जागा म्हणजे युनिव्हर्सल मल्टिप्लग. युरोपातल्या गोल शुको प्लगची अर्थची पट्टी कडेला असते. तो प्लग आपल्या मल्टिप्लगमध्ये घट्ट बसतो पण अर्थ लागतच नाही. सबची वायर सुटी निघणारी असेल तर तिच्या जागी भारतीय थ्री-पिनची वायर लावा. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा सब स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालत असेल तर ट्रान्सफॉर्मरची वायर भिंतीतून काढून, त्याच्या इनपुट प्लगच्या अर्थ-पिनपासून आउटपुट सॉकेटच्या अर्थपर्यंत मीटरने ओहम मोजा. एकाच्या आत हवा. बऱ्याच स्वस्त पेट्यांत ती जोडणीच नसते.

उपाय, फुकटच्यापासून

पहिला उपाय: सगळं एका बोर्डवर आणा. टीव्ही समोरच्या भिंतीवर, सब मागच्या कोपऱ्यातल्या सॉकेटवर, प्रोजेक्टर एसीच्या सर्किटवर, अशी विखुरलेली जोडणी म्हणजे लूपला आमंत्रण. थ्री-फेज बंगल्यात तर दोन सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असू शकतात. एव्हीआर, सब, टीव्ही आणि प्रोजेक्टर मिळून प्रत्यक्ष वापर क्वचितच १००० वॅटच्या वर जातो. ६ अँपिअरचं सॉकेट १३८० वॅट देतं. भरवशाचा, अर्थच्या पट्ट्या खरोखर जोडलेला एक एक्स्टेंशन बोर्ड पुरतो. सबसाठी आरसीए लांब ओढण्याबरोबर त्याच बोर्डवरून पॉवरची वायरही ओढा, दोन्हींत वीतभर अंतर ठेवून.

दुसरा उपायही फुकट, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. घूं सबच्या केबलमध्ये शिरते, म्हणजे सबच्या गेनच्या (सबवरच्या आवाजाच्या बटणाच्या) आधी. सबचा गेन ६ डेसिबलने कमी करा आणि एव्हीआरमध्ये सबची लेव्हल ६ डेसिबलने वाढवा: सिनेमा तेवढाच, घूं ६ डेसिबलने खाली. ऑटो कॅलिब्रेशननंतर (एव्हीआर माइक लावून स्वतःच पातळ्या ठरवतो त्यानंतर) सबची लेव्हल उणे १२ दिसत असेल तर गेन वाजवीपेक्षा जास्त आहे असं समजा. गेन उतरवून कॅलिब्रेशन पुन्हा चालवा, आकडा उणे ५ च्या आसपास आला की बस. अधिक बाजूला फार ढकलू नका. मोठ्या दृश्यात एव्हीआरचं सबचं आउटपुट फाटायला लागतं.

आता कोअ‍ॅक्स. केबल टीव्ही असेल तर ७५ ओहमचा, एफ कनेक्टरचा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बॉक्सच्या मागे स्क्रू करा, विषय संपला. डिश असेल तर हाच आयसोलेटर लावून चॅनेल घालवून बसाल, कारण त्याच वायरमधून बॉक्स वरच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेल्या रिसीव्हरला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पाठवतो आणि आयसोलेटर तो अडवतो. डिशसाठी योग्य रस्ता म्हणजे वायर घरात शिरते तिथे एक ग्राउंडिंग ब्लॉक बसवून तो ४ चौरस मिलिमीटरच्या हिरव्या वायरने घराच्या मेन अर्थला जोडणं. करंट मग तिथूनच खाली जातो, तुमच्या आरसीएपर्यंत पोचत नाही. डिशचा वरचा अर्थ मात्र काढू नका, तो विजेसाठी आहे.

तेही जमत नसेल तर टीव्ही ते एव्हीआर ऑप्टिकल वायर. प्रकाशाला अर्थ नसतो. किंमत मोजावी लागते ती अशी, की ऑप्टिकलवरून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस ५.१ पर्यंतच जातं, अ‍ॅटमॉस नाही. शिवाय टीव्ही आणि एव्हीआर यांच्यात एचडीएमआय तशीच राहिली तर लूपही तसाच राहतो. ‘फायबर एचडीएमआय’ घेतल्याने तो तुटेलच असं नाही. बहुतेक फायबर केबलमध्ये चित्र काचेतून जातं, पण हळू सिग्नल आणि पॉवरसाठी तांब्याच्या बारीक तारा असतातच.

अ‍ॅटमॉस सोडायचं नसेल तर सबच्या आरसीएवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. इथे स्वस्ताई अंगाशी येते. गाड्यांसाठी विकले जाणारे ग्राउंड लूप आयसोलेटर अंगठ्याएवढ्या कोअरचे. ४० हर्ट्झच्या खाली कोअर भरून जातो, बास पातळ होतो आणि फाटतो. घूं गेली आणि सबही गेला. घेतलेला तुकडा तपासा: एव्हीआरच्या सब आउटपुटवर २५ हर्ट्झचा सूर, मल्टिमीटर एसीच्या सगळ्यात खालच्या रेंजवर, आणि आयसोलेटरसह व आयसोलेटरविना असे दोन आकडे. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर परत करा. खास सबसाठी बनवलेले ट्रान्सफॉर्मर महाग असतात, पण तेच कामाचे. सब आणि प्रोसेसर दोघांना एक्सएलआर (बॅलन्स्ड जोडणीचं तीन पिनांचं सॉकेट) असेल तर आधी ते वापरा, ट्रान्सफॉर्मरचे पैसे वाचतील. वायरलेस किटनेही लूप तुटतो, पण आवाज काही मिलिसेकंद उशिरा पोचतो. एव्हीआरमध्ये सबचं अंतर दर मिलिसेकंदामागे ३४ सेंटिमीटरने वाढवा.

घर्र असेल तर

पंखा ३ वर असताना घर्र आणि ५ वर गेला की बंद, असं होत असेल तर भिंतीवरचा फिरत्या बटणाचा ट्रायॅक रेग्युलेटर बदला. टप्प्याटप्प्याने टक् टक् फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर घ्या. दिव्यांच्या डिमरचंही तेच. वीज गेल्यावरच घर्र सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. प्युअर साइन वेव्ह घेईपर्यंत एव्हीआर इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावरच त्रास होत असेल तर सिनेमापुरता बॅटरीवर चालवा, नाहीतर आवाज एचडीएमआयऐवजी ऑप्टिकलने काढा. टर्नटेबल घुमत असेल तर त्याच्या मागची बारीक सुटी तार एव्हीआरच्या जीएनडी स्क्रूला लावायची राहिली आहे. लावूनही घुमत असेल तर टर्नटेबल एव्हीआरच्या डोक्यावरून खाली उतरवा, सुईचं कार्ट्रिज ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय.

या सगळ्यात काही बदललं, केबल किंवा सबची जागा, तर सबचा फेज आणि अंतर पुन्हा लावावं लागतं. फेजचं बटण ० आणि १८० वर आलटून पालटून ८० हर्ट्झचा सूर वाजवा आणि बसायच्या जागेवर ज्या बाजूला आवाज भरदार येतो तिथे ठेवा.